हातोड्यानं गेलेलं बेअरिंग

आजचा भाग थोडा काळ्या हातांचा आहे. म्हणजे ग्रीसचा. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये किल्ले येतात, तह येतात, लढाया येतात. लढाई आजही आहे, पण ती येईपर्यंत आपण एका जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकात शिरणार आहोत. कारण त्या चाकात माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती, आणि ती चूक समजून घेता घेता मला दोनशे वर्षं मागं जावं लागलं.

आधी हा आवाज ऐका.

(आवाज: चाक फिरतंय, मधूनमधून "खर्र... खर्र...")

हा माझ्या बाबांच्या गाडीचा आवाज. हिरो होंडा सीडी १००. ही गाडी भारतात १९८५ मध्ये आली, आमच्याकडची त्यानंतर काही वर्षांनी घेतलेली. बाबा गेल्यावर ती पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून होती. लॉकडाऊनमध्ये मी ती उघडली. व्हिडिओ बघून बघून कार्ब्युरेटर साफ केला, क्लच केबल बदलली, चेन घातली. मग पुढचं चाक हलवून बघितलं तर ते डगडगत होतं. बेअरिंग गेलं होतं.

नाना पेठेत जाऊन दोन नवी बेअरिंगं आणली. स्पेअर पार्टच्या दुकानदारानं विचारलं, "बसवणार कोण?" मी ऐटीत सांगितलं, "मीच." घरी आलो, जुनी काढली, नवी ठेवली, आणि एक लोखंडी सळई आणि हातोडा घेऊन ठोकून ठोकून बसवली. सळई बरोबर मधल्या कडीवर टेकत होती म्हणून तिथंच ठोकत गेलो. वीस मिनिटांत काम झालं. चाक फिरवलं, छान फिरलं. बाबांनी बघायला हवं होतं असं वाटलं, खरंच.

पुढं साधारण चारशे किलोमीटर गाडी चालली. मग एका रविवारी आईला मागं बसवून पुण्याहून वाईला निघालो. शिरवळ ओलांडलं आणि हँडलमध्ये एक बारीक थरथर जाणवायला लागली. आई म्हणाली, "अरे, पुढचं चाक नाचतंय का रे?" मी म्हटलं, रस्ता खराब आहे. रस्ता अजिबात खराब नव्हता. खंबाटकीचा घाट समोर दिसत होता आणि मागून ट्रक येत होते. पुढच्या ब्रेकला हात लावला की हँडल एका बाजूला ओढलं जायचं. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. मी गाडी कडेला घेतली.

घाट चढायच्या आधी थांबलो, एवढीच त्या दिवशीची अक्कल.

फडक्यात फोडलेली कडी

रस्त्याकडेला एक छोटं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढं टायरचा ढीग, शेजारी चहाची टपरी. गॅरेजवाले काका सत्तरीच्या घरातले. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं, टायर वर आणि खाली धरून आडवा हलवला. चाक कट्कट् वाजलं. मग त्यांनी चाक काढलं, आतल्या कडीत बोट घालून फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"कुणी बसवलं हे?"

"मीच, काका."

"मधल्या कडीवर ठोकलंस न्हवं?"

मी गप्प.

त्यांनी बेअरिंग काढलं, जाड फडक्यात गुंडाळलं, डोळ्यांना चष्मा लावला आणि बाहेरची कडी एका घणाच्या घावात फोडली. बेअरिंगचं पोलाद काचेसारखं कडक असतं, तुकडा उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून फडकं आणि चष्मा. मग त्यांनी आतली कडी पुसून उन्हात धरली. छऱ्यांच्या वाटेवर, खाचेच्या मधोमध नाही तर एका कडेला, ठिपके पडले होते. सारख्या अंतरावर. जितके छर्रे, तितके ठिपके. काहींच्या भोवतीचं पोलाद पापुद्र्यासारखं उडालेलं.

काका म्हणाले, "हे रस्त्यानं न्हाय गेलं, पोरा. हे हातोड्यानं गेलं. तू बसवलंस तवाच मेलं होतं. चालत होतं, एवढंच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. गाडीचा एक सुटा भाग बसवतानाच मरतो आणि तरी चारशे किलोमीटर चालतो, हे कसं? आणि त्यावर मी आईला बसवून हायवेला आलो होतो.

घासण्यापासून घरंगळण्यापर्यंत

लहानपणी तुमच्यापैकी काहींनी बेअरिंगची गाडी केली असेल. गॅरेजमधून टाकून दिलेली बेअरिंगं आणायची, फळीच्या खाली दांडक्याला बसवायची आणि उतारावरून सुटायचं. ती गाडी इतकी सुसाट का जायची? कारण तिथं काही घासत नाही, छर्रे घरंगळतात.

बैलगाडीत उलट असतं. लोखंडी आख चाकाच्या तुंब्यात घासतो. म्हणून गाडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. वंगण कमी पडलं की चाक कुरकुरायला लागायचं. जगभर हजारो वर्षं बहुतेक चाकं अशीच घासत फिरली.

घरंगळण्याची कल्पना मात्र जुनी आहे. इटलीत रोमजवळ नेमी नावाचं तळं आहे. १९२८ ते १९३२ या काळात त्याचं पाणी उपसून रोमन सम्राट कॅलिगुलाच्या काळातली दोन प्रचंड जहाजं बाहेर काढली. त्यांत एका फिरत्या चौथऱ्याचे अवशेष सापडले आणि त्याखाली ब्राँझचे गोळे होते. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं बॉल बेअरिंग! ती जहाजं १९४४ मध्ये युद्धकाळातल्या आगीत जळाली.

मग १७९४. वेल्समधल्या कारमार्थेनचा लोखंड कारखानदार फिलिप व्हॉन यानं घोडागाडीच्या आखासाठी पेटंट घेतलं: खाचेतून पळणारे गोळे. कल्पना बरोबर होती, पण एकसारखे गोळे करायचे कसे? दहा गोळ्यांत एक जरा मोठा असला की सगळा भार त्याच्यावर. तो फुटतो, मग पुढचा मोठा फुटतो.

बेअरिंगला खरा जोर दिला तो सायकलनं. पॅरिसच्या ज्यूल्स सुरीरे यानं १८६९ मध्ये सायकलच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिस ते रूआं ही साधारण १२३ किलोमीटरची शर्यत झाली. जेम्स मूर नावाचा इंग्रज पहिला आला, आणि त्याच्या सायकलला बॉल बेअरिंग होती. ज्याला ज्याला सायकल विकायची होती, त्याला त्याला आता छर्रे हवे झाले.

गोल छऱ्यांचा प्रश्न सोडवला जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट या गावानं. तिथं फ्रिडरिश फिशर यानं १८८३ मध्ये पोलादी गोळे घासून एकाच मापाचे करणारं यंत्र बनवलं. एकाच वेळी असंख्य छर्रे, सगळे सारखे. त्या गावाचं नाव लक्षात ठेवा, आपण तिथं परत येणार आहोत.

तुमच्या फोनमधला हर्ट्झ

आता माझ्या ठिपक्यांकडं येऊ.

गोल छर्रा सपाट पोलादावर ठेवला तर तो टेकतो कुठं? भूमितीच्या हिशेबानं एका बिंदूवर. बिंदूला क्षेत्रफळ नसतं. मग दाब अनंत व्हायला हवा आणि पोलाद लगेच फुटायला हवं. तसं होत नाही, कारण दोन्ही किंचित दबतात आणि बिंदूचा एक इवलासा ठिपका होतो. तो ठिपका केवढा आणि त्यावर दाब किती, याचं गणित १८८१ मध्ये बर्लिनमध्ये एका तेवीस वर्षांच्या मुलानं मांडलं. त्याचं नाव हाइनरिश हर्ट्झ. तुमच्या फोनच्या प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये सांगतात ना, तोच हर्ट्झ. रेडिओ लहरी त्यानं नंतर पकडल्या. त्याच्या आधी तो काचेची दोन भिंगं एकमेकांवर दाबली तर काय होतं, या विचारात होता.

या गणिताचा उपयोग बेअरिंगसाठी केला रिशार्ड श्ट्रिबेक यानं. १९०० च्या आसपास जर्मनीत त्यानं छऱ्यांवर पद्धतशीर भार टाकून मोजमापं घेतली. छर्रा सपाट पट्टीवर चालवण्यापेक्षा त्याच्या गोलाईला जवळून मिळणाऱ्या खाचेत चालवला, तर तो कितीतरी जास्त भार पेलतो, हे त्यातून पक्कं झालं.

मग १९०३ मध्ये रॉबर्ट कॉनराडचं पेटंट आलं, आणि तेच आज तुमच्या-माझ्या चाकात आहे. प्रश्न असा होता: खाच खोल केली तर छर्रे आत घालायचे कुठून? आधी कडीला एक खिंड ठेवायचे, तिथून छर्रे भरायचे. पण त्या खिंडीपाशीच कडी कमजोर व्हायची. कॉनराडनं खिंडच काढून टाकली. आतली कडी एका बाजूला सरकवायची, दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट पडते. त्या फटीत मावतील तेवढे छर्रे घालायचे. मग कडी मधे आणायची, छर्रे सारख्या अंतरावर पसरवायचे आणि त्यांना जाळी बसवायची. संपलं. सव्वाशे वर्षं होत आली, पद्धत तीच.

जुनं बेअरिंग हातात आलं तर त्यावरचा आकडा वाचा. माझ्या पुढच्या चाकातल्यावर होतं ६३०१. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं, छऱ्यांच्या एका ओळीचं, अर्थात कॉनराडचं. ३ म्हणजे मध्यम जाडीची मालिका. तिथं २ असेल तर त्याहून हलकं. शेवटचं ०१ म्हणजे आतलं भोक १२ मिलिमीटर. ०० म्हणजे १०, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढं आकड्याला पाचानं गुणायचं. पुढं "२आरएस" असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. हा आकडा जगभर एकच. जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत म्हणून आपण रडतो, पण हा पार्ट गाडीच्या कंपनीवर अवलंबून नाही. आकडा वाचायचा आणि चांगल्या कंपनीचं, खात्रीच्या दुकानातून घ्यायचं. नकली मालाचा सुळसुळाट आहे, दहा-वीस रुपयांसाठी फसू नका.

ब्रिनेलचा प्रयोग, माझ्या पार्किंगमध्ये

आता तो माणूस, ज्याच्यामुळं मला माझी चूक नीट कळली. स्वीडनमधल्या फागेर्श्टा इथल्या पोलाद कारखान्यातला इंजिनिअर योहान ऑगस्ट ब्रिनेल. १९०० साली त्यानं पोलादाचा कडकपणा मोजायची एक सोपी पद्धत जगापुढं ठेवली. १० मिलिमीटरचा कडक पोलादी गोळा घ्यायचा, तो ३००० किलोच्या भारानं धातूवर दाबायचा, आणि पडलेला खड्डा मोजायचा. खड्डा मोठा, तर धातू मऊ. या कडकपणाला आजही ब्रिनेलचं नाव आहे. आणि बेअरिंगच्या खाचेत छऱ्यांचे ठसे उमटतात, त्या बिघाडालाही इंजिनिअर लोक ब्रिनेलिंग म्हणतात.

म्हणजे मी पार्किंगमध्ये बसून नकळत ब्रिनेलचा प्रयोग करत होतो. माझ्याच बेअरिंगवर.

कसं ते बघा. चाकाच्या हबमध्ये बेअरिंगची बाहेरची कडी घट्ट बसते. आतली कडी मोकळी असते, तिच्यातून एक्सल सहज सरकतो. मी ठोकत होतो आतल्या कडीवर. अडलं होतं कुठं? बाहेरच्या कडीपाशी. मग हातोड्याचा जोर आतून बाहेर गेला कशातून? छऱ्यांतून. त्या इवल्या ठिपक्यांतून.

थोडा हिशेब करू. अर्धा किलोचा हातोडा सेकंदाला ५ मीटर वेगानं आला आणि सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात थांबला, तर सरासरी जोर भरतो १२,५०० न्यूटन. म्हणजे सव्वा टन वजन ठेवल्यासारखं. या मापाच्या बेअरिंगला ठसा न उमटता पेलता येणारा स्थिर भार असतो साधारण ४०० किलोच्या आसपास, तोही चाकावर वजन येतं त्या दिशेनं. मी तिप्पट जोर बाजूनं दिला होता, आणि एकदा नाही, वीस-पंचवीस वेळा.

"ठसा न उमटता" म्हणजे किती, तेही ऐका. छऱ्याच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा कायमचा दबलेपणा ही मर्यादा धरतात. ८ मिलिमीटरच्या छऱ्याला ०.०००८ मिलिमीटर. त्यापलीकडं गेलात की बेअरिंग बोलायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. चाक छान फिरतं. पण प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक छर्रा त्या खड्ड्यांच्या काठावर आपटतो. काठ दमतो, पापुद्रा उडतो, पोलादाचा चुरा ग्रीसमध्ये मिसळतो, आणि मग उरलेली वाट तोच खातो. चारशे किलोमीटर त्यातच गेले.

एका वस्तूसाठी सहाशे माणसं

हे छर्रे किती मोलाचे झाले होते, ते आता ऐका.

दुसरं महायुद्ध. विमान, रणगाडा, पाणबुडी, तोफ, सगळ्यांत फिरणारं काहीतरी आहे, आणि जे फिरतं त्यात बेअरिंग आहे. जर्मनीची बेअरिंगं मोठ्या प्रमाणात एकाच गावात बनत होती. श्वाइनफुर्ट. दोस्तांच्या अधिकाऱ्यांना वाटलं, हे गाव मोडलं की जर्मनीची सगळी चाकं थांबतील.

१७ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकन बी-१७ विमानांच्या एका तुकडीनं श्वाइनफुर्टवर आणि दुसरीनं रेगेन्सबुर्गवर हल्ला केला. दोन्ही मिळून ६० विमानं परत आली नाहीत. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्ट. २९१ विमानं निघाली आणि एका दिवसात पुन्हा ६० पडली. प्रत्येकात दहा माणसं. अमेरिकन हवाई दलाच्या इतिहासात तो दिवस काळा गुरुवार म्हणून ओळखला जातो. जर्मनीची चाकं मात्र थांबली नाहीत. साठा होता, कारखाने विखुरले गेले, जिथं जमेल तिथं यंत्रांची रचना बदलली गेली.

दुसरीकडं ब्रिटनलाही बेअरिंगं हवी होती आणि ती होती तटस्थ स्वीडनकडं. स्वीडनची एसकेएफ ही कंपनी १९०७ मध्ये गोथेनबर्गमध्ये सुरू झालेली. तिच्या मुळाशी स्वेन विंगक्विस्ट नावाचा कापड गिरणीतला इंजिनिअर. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती खचायची, लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं मरायची. त्यानं शाफ्टबरोबर स्वतः कलणारं बेअरिंग बनवलं. आपल्या चाकातलं बेअरिंग तसं कलत नाही. म्हणून ते वाकडं बसलं की मेलंच. तर युद्धात ही स्वीडिश बेअरिंगं ब्रिटनला आणायला मॉस्किटो विमानं वापरली. लाकडी, हलकी, वेगवान. रात्रीच्या अंधारात जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेवरून उडत जायची. माल बॉम्बच्या जागी, आणि कधी माणूस न्यायचा असेल तर तोही त्याच जागी आडवा.

आपल्याकडं स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर बेअरिंगं बाहेरूनच यायची. १९४६ मध्ये जयपूरला बेअरिंगचा कारखाना उभा राहिला. पुढं १९६१ मध्ये एसकेएफची भारतातली कंपनी स्थापन झाली आणि चिंचवडला तिचा कारखाना आला. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या कितीतरी घरांत कुणीतरी काका-मामा या नाहीतर त्या मापात हजारावा मिलिमीटर सांभाळत निवृत्त झालेत. आणि मी त्यावर हातोडा घातला.

काकांनी कसं बसवलं

चला, परत शिरवळच्या पुढं. काकांनी माणूस पाठवून नवी बेअरिंगं आणि नवं ऑइल सील मागवलं. मग जे केलं ते मी टप्प्याटप्प्यानं सांगतो. तुमच्या गाडीत फरक असू शकतो, कुठली बाजू आधी ते मॅन्युअलमध्ये बघा, पण तत्त्व सगळीकडं एकच.

पहिलं, नवी बेअरिंगं पाकिटासकट प्लास्टिकमध्ये बांधून टपरीवाल्याच्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये ठेवली, बर्फाच्या कप्प्यात. गार झालं की पोलाद आकसतं.

दुसरं, हबमधली जागा फडक्यानं पुसली आणि बोट फिरवून बघितली. कुठं खरवड आहे का, आणि मुख्य म्हणजे कुठं आरशासारखी चकाकी आहे का. चकाकी असेल तर आधीची कडीच हबमध्ये फिरत होती, जागा सैल झाली आहे. काही जण तिथं पंच मारून उंचवटे काढतात आणि बेअरिंग अडकवतात. तो जुगाड आहे, पुन्हा सैल होतो. अशा वेळी लेथवाल्याकडून जागा नीट करून घ्यायची. माझी जागा चांगली होती.

तिसरं, टपरीवरून उकळतं पाणी आणून हबवर ओतलं. ब्रेकची प्लेट आधीच काढून बाजूला होती, म्हणजे लायनर कोरडे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ३७ मिलिमीटरची जागा ६० अंशांनी तापली तर साधारण ०.०५ मिलिमीटरनं मोठी होते. म्हणजे एका केसाच्या जाडीहूनही कमी. पण तिथली आवळ मुळात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतच मोजायची असते, त्यामुळं तेवढं पुरतं. घरी हॉट एअर गन असेल तर आणखी स्वच्छ काम. गॅसची उघडी ज्योत मात्र नको.

चौथं, पाणी झटपट पुसलं, गार बेअरिंग आणलं, सरळ ठेवलं आणि त्यावर माझं जुनं फोडलेलं नाही, तर दुसऱ्या एका जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी ठेवली. ती बाहेरून थोडी घासलेली होती, म्हणजे हबमध्ये अडकत नाही. त्याच मापाचा सॉकेटही चालतो. मग हलक्या हातानं टक, टक. जोर फक्त बाहेरच्या कडीवर. छऱ्यांना पत्ताही नाही.

आवाज ऐका.

(आवाज: टप... टप... टप... टण्!)

तो शेवटचा "टण्" ऐकलात? आवाज बदलला की कडी खांद्यावर टेकली. तिथं थांबायचं. "अजून एक मारू" हा मोह आवरायचा.

पाचवं, आणि हे बरेच जण विसरतात. चाक उलटलं आणि दोन बेअरिंगांच्या मधली नळी आत ठेवली. आपले मेकॅनिक तिला बुश म्हणतात, कुणी कॉलर, कुणी स्पेसर. दिसायला साधा पाइपचा तुकडा. पण एक्सलचा नट आवळला की तो जोर आतल्या कडीतून नळीत, नळीतून दुसऱ्या आतल्या कडीत जातो. नळी नसली किंवा झिजून आखूड झाली, तर दोन्ही आतल्या कड्या एकमेकींकडं ओढल्या जातात आणि छर्रे आडवे चेपले जातात. मग कितीही भारी बेअरिंग घाला, टिकणार नाही.

सहावं, दुसरं बेअरिंग. आता पाणी ओतलं नाही, कारण पहिलं बेअरिंग आत होतं. उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेलं जाड फडकं हबला बाहेरून गुंडाळलं. मग तसंच, बाहेरच्या कडीवर, हळूहळू. हे खांद्यापर्यंत नाही, नळीला टेकेपर्यंतच. मधेमधे काका आत बोट घालून नळी हलवून बघत होते. नळी खडखडत असेल तर अजून थोडं. जरा जोर लावल्यावरच सरकते अशी झाली की बास.

शेवटी दोन्ही आतल्या कड्या बोटानं फिरवल्या. लोण्यासारख्या. सीलवाली बेअरिंगं होती, ग्रीस कंपनीनं भरलेलं असतं, वर आणखी ठासायचं नाही. ऑइल सीलच्या ओठाला तेवढं ग्रीसचं बोट. मग एक्सल, आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला.

मी विचारलं, "काका, गिअरबॉक्समध्येपण बाहेरच्याच कडीवर ठोकायचं का?"

ते म्हणाले, "जी कडी आवळून बसती, तिलाच ढकलायचं. तिथं शाफ्टवर आतली आवळ असंल तर आतली. नाव न्हाय बघायचं, आवळ कुठं हाय ते बघायचं."

हर्ट्झ, श्ट्रिबेक, कॉनराड, ब्रिनेल, या सगळ्यांचं सार त्यांनी दोन ओळींत सांगितलं होतं. त्यांना ही नावं माहीत असण्याची गरज नव्हती. मला मात्र ती शोधल्यावरच त्या ओळी पटल्या.

एक गोष्ट राहिली. जुनं बेअरिंग आतून सळईनं ठोकून काढतो तेव्हा जोर छऱ्यांतूनच जातो, दुसरा मार्गच नसतो. म्हणून एकदा काढलेलं बेअरिंग "चांगलं दिसतंय" म्हणून परत बसवू नका. ते पोरांच्या गाडीला द्या.

काकांनी पैसे घेतले, पार्टचे आणि थोडी मजुरी. आई तोवर टपरीवर दुसरा चहा संपवून बसली होती. गाडी सुरू केली, काका हातानं "हळू जा" म्हणाले. घाटात आईनं काहीच विचारलं नाही. सुरूर फाट्याला वळल्यावर तेवढं म्हणाली, "आता नाही नाचत."

आज त्या बेअरिंगांना नऊ हजार किलोमीटर झालेत. सुरुवातीला ऐकवला तो आवाज मी फोडायच्या आधी काकांच्या शेडमध्ये मोबाईलवर रेकॉर्ड केलेला. आत्ताचा ऐकवायचा म्हणून काल रात्री चाक फिरवून फोन जवळ धरला.

(आवाज: जवळजवळ काहीच नाही)

ऐकू आलं नाही ना? तेच ऐकवायचं होतं. तुमच्या घरी अशी एखादी कव्हरखालची गाडी असेल, तर ती कुणाची आणि तिच्या चाकातल्या बेअरिंगवर कुठला आकडा आहे, ते मला कळवा. आणि ठोकायच्या आधी आवळ कुठं आहे ते बघा. भेटू पुढच्या भागात.